प्रश्न तिचा आहे, तिलाच विचारा

नागपूरच्या नंदनवन भागात माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. ब्लाऊज, पंजाबी ड्रेस, फॉल-पिको आणि लग्नसराईत आरीवर्क. माझ्याकडे काम करणारी एक मुलगी ट्रान्सजेंडर आहे. २०२२ च्या दिवाळीनंतर ते २०२३ चा पावसाळा लागेपर्यंत तिचे सगळे कागद बदलायचं काम चाललं अन् त्यात मी तिच्यासोबत फिरली. कुठं काय लागलं, कुठं काय अडलं, सोबत जाणाऱ्यानं काय करायचं असते, हे सगळं एकदा लिहून काढायचं मनात होतं, कारण ओळखीतल्या बायका अजूनही विचारतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणींना तिच्या कागदांपेक्षा तिच्या शरीराबद्दलच जाणून घ्यायचं असते. ते मी त्यांना सांगितलं नाही, इथंही सांगणार नाही. तिचं नावही लिहीत नाही. तिला विचारलं तर म्हणाली, "काकू, गोष्ट लिहा, नाव नका लिहू, नाव आत्ता कुठं माझं झालं आहे."

ती भंडारा जिल्ह्यातल्या एका गावची. दहावी झाली, मग घरी राहणं अशक्य झालं, नागपूरला आली. गांधीबागेत कपड्याच्या एका कारखान्यात आधी धागे कापायचं काम, मग ओव्हरलॉक, मग मशीन. माझ्याकडे आली तेव्हा मी तिला एक कटोरी ब्लाऊज कापायला दिलं होतं. मुंढा असा कापला की मी पंचवीस वर्षांपासून हे काम करून राहिली तरी बघत राहिली. तिला कामावर ठेवण्यात माझे काही उपकार नाहीत, असा हात ज्याच्याकडे असेल त्याला कोणताही टेलर ठेवेल. म्हणजे ठेवायला पाहिजे. तिच्या आधीच्या अनुभवावरून दिसते की ठेवत नाहीत.

लोक मला विचारतात, ही सिग्नलवर जात नाही का? नाही जात. आणि ज्या जातात त्यांच्याबद्दलही मला वाकडं बोलायचं नाही. ज्याला कोणी काम देत नाही, खोली देत नाही, घरचे उंबऱ्याच्या आत घेत नाहीत, त्यानं पोट कसं भरायचं हे आधी आपण सांगावं, मग नाक मुरडावं.

खोलीचंच बघा. मानेवाडा, हुडकेश्वर, सक्करदरा, सगळीकडे तिनं किरायाच्या खोल्या पाहिल्या होत्या. फोनवर सगळे हो म्हणत, भेटायला गेली की "आत्ताच दिली बाप्पा, सकाळीच". शेवटी आमच्या मागच्या गल्लीतल्या एका आजींनी ठेवून घेतलं. आजींनी तिला दोनच गोष्टी विचारल्या, मटण शिजवते का आणि नळ नीट बंद करते का. पण सगळं तोंडी, भाडेकरार नाही. कागदांची भानगड सुरू झाली तेव्हा हा करार नसणं आम्हाला फार नडलं, ते पुढं सांगते.

सुरुवात बँकेतून झाली. तिला स्वतःची एक चांगली मशीन घ्यायची होती, त्यासाठी छोटं लोन. खातं होतं, पण जुन्या नावाचं, जुन्या फोटोचं. आधारवर, पॅनवर सगळीकडे तेच. काउंटरवर तिचं जुनं नाव मोठ्यानं पुकारलं, ती उठून गेली तर समोरचा म्हणतो, "ज्याचं खातं आहे त्याला पाठवा." ती म्हणाली, मीच आहे. तो फोटोकडे पाहून राहिला, तिच्याकडे पाहून राहिला, मग शेजारच्याला बोलावून दाखवलं, मग दोघं हसले. हॉलमधले सगळे वळून पाहायला लागले. दुकानात परत आली तेव्हा ती काहीच बोलली नाही, संध्याकाळपर्यंत नुसती मशीन चालवत राहिली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "काकू, कागद बदलून घेते, असं नाही जमणार." हे तिनं ठरवलं. मी नाही. हे मुद्दाम सांगून राहिली, कारण नंतर लोक मला म्हणायला लागले की तुम्ही तिचे कागद करून दिले. करून दिले नाहीत, मी सोबत गेली.

आता कायद्याचं थोडं, कारण हे माहीत असलं तर खिडकीवर बोलता येते. १५ एप्रिल २०१४ ला सुप्रीम कोर्टानं नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याचा निकाल दिला, न्यायमूर्ती राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती सिकरी यांचा. त्यात म्हटलं की माणूस स्वतःला पुरुष मानतो, स्त्री मानतो की तृतीयपंथी, हे ठरवायचा हक्क त्याचा स्वतःचा आहे, त्यासाठी ऑपरेशन झालंच पाहिजे असा आग्रह धरता येणार नाही. या खटल्यात आपल्या महाराष्ट्रातल्या ट्रान्सजेंडर कार्यकर्त्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी पण सामील होत्या. मग ट्रान्सजेंडर लोकांच्या हक्कांचा २०१९ चा कायदा आला, २०२० चे नियम आले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्रान्सजेंडर असल्याचं सर्टिफिकेट अन् ओळखपत्र काढायचं केंद्राचं ऑनलाइन पोर्टल सुरू झालं. आम्ही केलं तेव्हाच्या नियमांप्रमाणे अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे जायचा, सोबत स्वतःचं प्रतिज्ञापत्र, फी नाही, आणि कुठलीही मेडिकल तपासणी नाही. हे सगळं २०२३ चं सांगून राहिली, कायदे-नियम बदलत राहतात, तेव्हा कोणाला आज जायचं असेल तर त्या दिवशीचे ताजे नियम पाहूनच निघा.

पोर्टलबद्दल तिला तिच्याच ओळखीतल्यांकडून कळलं होतं. नागपुरात सारथी ट्रस्ट या समाजासाठी बरीच वर्षं काम करते, तिथं जाणारी एकदोन जण तिला माहीत होती. फॉर्म तिनं स्वतःच्या मोबाइलवरून भरला, दुपारी दुकानात गिऱ्हाईक कमी असते तेव्हा. जन्माच्या वेळचं नाव, आत्ताचं नाव, पत्ता, फोटो, सही. निवडलेल्या नावाच्या रकान्यापाशी ती थांबली. मी तिला नेहमी एकाच नावानं हाक मारत होती, मला वाटलं तेच टाकेल, पण तिनं त्याच्यापुढं आजीचं नावही जोडलं. गावाकडच्या तिच्या सख्ख्या आजीचं, जी तिला लहानपणी गपचूप बांगड्या घालू द्यायची. मला हे माहीतच नव्हतं.

मग पत्ता. अर्ज ज्या जिल्ह्यात करायचा तिथं सलग बारा महिन्यांहून जास्त राहिलेलं पाहिजे असा नियम होता. ती नागपुरात कितीतरी वर्षांपासून, पण कागदावर भंडारा जिल्ह्यातलंच गाव. आणि गावाला जाऊन काही आणायचा प्रश्नच नव्हता. म्हणजे बघा, कागद नाही म्हणून खोली नाही, खोलीचा करार नाही म्हणून कागद नाही. ज्याला घरच्यांनी हाकललं त्याच्याकडून सरकार रहिवासाचा पुरावा मागते, अन् तो द्यायचा कोणी? तर त्याला खोली न देणाऱ्या घरमालकांनी. आजींकडे गेलो. आजींच्या मुलाला पटत नव्हतं, तो म्हणे करार केला तर ही उद्या हक्क सांगेल. मी त्याला एवढंच म्हटलं की दुसरा कोणी किरायदार असता तर करार केला असता की नाही? तो म्हणाला, केला असता. मग हिच्याशीही करा. त्याला दोन-तीन दिवस लागले, पण करार झाला, रीतसर रजिस्टर केला. माझ्या दुकानाच्या लेटरहेडवर ती केव्हापासून कामाला आहे ते मीही लिहून दिलं. कोणाला खरंच मदत करायची असेल तर असं एक सहीचं पत्र द्या. स्टेटस ठेवण्यापेक्षा त्याचं वजन फार जास्त आहे.

प्रतिज्ञापत्र करायला सिव्हिल लाइन्समध्ये गेलो. टायपिस्टनं पहिल्या वेळी नावाचं स्पेलिंग आधारपेक्षा वेगळं मारलं, आम्ही तिथंच उभ्या उभ्या प्रत्येक ओळ वाचली म्हणून सापडलं, नाहीतर पुढं अडकलं असतं. ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, जुन्या नावाचं स्पेलिंग सगळीकडे अक्षर न् अक्षर सारखं पाहिजे, कारण जुनं आणि नवं जोडणारा तोच एक दुवा असतो. नोटरीनं वाचलं, तिच्याकडे पाहिलं आणि काही न बोलता शिक्का मारला. नंतर म्हणाला, "ताई, सही इथं करा." तिला ताई म्हणाला. बाहेर आल्यावर तिनं मला दोनदा विचारलं, "काकू, मला म्हणाले ना?" हो बेटा, तुलाच.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसली ती सांगते. अर्ज केल्यावर चौकशीला एका ऑफिसात जावं लागलं, कुठलं ते लिहीत नाही. खिडकीवरच्या माणसानं कागद हातात घेतले आणि माझ्याकडे पाहून विचारलं, "यांचं काय आहे?" ती माझ्या शेजारी उभी, कागदावर तिचा फोटो, आणि प्रश्न मला. मी म्हटलं, अर्ज यांचा आहे, यांनाच विचारा. त्यानं मान हलवली अन् परत मलाच, "म्हणजे हे आधीपासूनच असे का?" मी परत तेच, यांनाच विचारा. तिसऱ्यांदा त्यानं मला विचारलं की डॉक्टरचं सर्टिफिकेट आणलं का. उत्तर माझ्या जिभेवर होतं, नियम मला पाठ झाला होता, पण मी गप्प राहिली अन् तिच्याकडे पाहिलं. तिनं पिशवीतून २०२० च्या नियमांची प्रिंट काढली, पिवळ्या पेननं खूण केलेली, आणि त्याच्यासमोर ठेवून म्हणाली, "सर, यात लिहिलं आहे, मेडिकल तपासणी लागत नाही, प्रतिज्ञापत्रावरच होते." आवाज थोडा कापत होता तिचा. पण वाक्य पूर्ण केलं. त्यानं वाचलं, आत जाऊन कोणाला तरी विचारून आला, आणि त्यानंतर पहिल्यांदा तिच्याशी बोलला. "बसा," म्हणाला, "वेळ लागेल."

खुर्च्या दोन होत्या, दोघींना मिळाल्या. पण मला ते फार झोंबलं. कारण याच खिडकीवर ती आठवड्याआधी एकटी येऊन गेली होती, तेव्हा तिला कोणी बस म्हटलं नव्हतं, "नंतर ये रे" म्हणून परत पाठवलं होतं. तेच कागद, तीच मुलगी, तोच नियम. फरक काय होता? तिच्या बाजूला साडीतली, कुंकू लावलेली, पन्नाशीची एक बाई उभी होती. माझ्यामुळे तिचा कायद्यातला हक्क वाढला नव्हता, तो तर आधीपासूनच होता, फक्त समोरच्याला तो दिसायला लागला. सोबत उभं राहायचं म्हणजे मला जे फुकटात मिळते, ती खुर्ची, ते "ताई", तो नीट सूर, ते तिच्याकडे वळवून द्यायचं, आणि ते वळलं की तोंड बंद ठेवायचं. तिच्या बदल्यात बोलायला लागलो तर खिडकीवरचा माणूस आयुष्यभर सोबतच्यालाच विचारत राहील. आणि रोज सोबत जायला कोण मोकळं आहे?

सर्टिफिकेट आणि ओळखपत्र दोन्ही पोर्टलवरून डाउनलोड झालं, गुढीपाडव्याच्या आसपास. दुकानासमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे कलर प्रिंट काढली अन् लॅमिनेट केली. दुकानातल्या सगळ्यांनी तर्री पोहे खाल्ले, पैसे तिनं दिले, मला देऊ दिले नाहीत.

पण त्या सर्टिफिकेटवर लिहिलेलं आहे ट्रान्सजेंडर. ती स्वतःला बाई मानते. २०१९ च्या कायद्यात तेव्हा ऑपरेशनशिवाय पहिलं सर्टिफिकेट ट्रान्सजेंडर म्हणूनच मिळायचं, स्त्री किंवा पुरुष लिहून पाहिजे असेल तर ऑपरेशन करून हॉस्पिटलचा कागद जोडून परत अर्ज करावा लागायचा. सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये जे म्हटलं त्याच्या हे सरळ उलट होतं असं मला वाटते, आणि अनेक ट्रान्सजेंडर कार्यकर्त्यांनी कायदा आला तेव्हापासून हेच म्हटलेलं आहे. अजून एक गोष्ट मला कायदा वाचताना फार लागली. ट्रान्सजेंडर माणसावर शारीरिक, लैंगिक अत्याचार केला तर या कायद्यात तेव्हा शिक्षा होती सहा महिने ते दोन वर्षं. बाईवर बलात्कार झाला तर कमीत कमी दहा वर्षं. मग हिच्या अंगाची किंमत काय धरली? मी हे आमच्या घरी जेवताना विचारलं, कोणाजवळ उत्तर नव्हतं. माझे दीर नेहमी म्हणत की या लोकांना कायदे करून काय फायदा, ते काय करणार आहेत. त्यांना मी सांगितलं की २०१८ मध्ये आपल्याच नागपूरच्या लोकअदालतीत ट्रान्सजेंडर असलेल्या विद्या कांबळे पॅनलवर बसल्या होत्या, लोकांचे तंटे सोडवायला. आणि जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकला २०२१ मध्ये अंजली पाटील, त्याही ट्रान्सजेंडर, ग्रामपंचायतीत निवडून आल्या, त्यांचा अर्ज आधी बाद झाला होता, हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठानं महिलांच्या जागेवरून लढायला परवानगी दिली, आणि गावानं मतं दिली. दीर म्हणाले, असं का, माहीत नव्हतं. लोकांना खरंच माहीत नसते. म्हणून सांगत राहायचं, जेवतानाही.

सर्टिफिकेट हातात आल्यावर आधार. नाव, लिंग, पत्ता, फोटो सगळं एकदाच बदललं. आधारमध्ये लिंग एकदाच बदलता येते म्हणून तिथं काय टाकायचं याचा तिनं नीट विचार केला, मी काही सुचवलं नाही. मग पॅन. तेव्हा आधार-पॅन लिंक करायची शेवटची तारीख ३० जून २०२३ होती, वर हजार रुपये फी, आणि दोन्हीकडे नाव, जन्मतारीख, लिंग जुळलं नाही तर लिंक होत नाही. पॅनच्या फॉर्मवर २०१८ पासून ट्रान्सजेंडरचा पर्याय आहे, पण सेंटरवर जो मुलगा भरून देत होता त्याला तो रकाना कधी लागलाच नव्हता. त्याला तिनंच बोट ठेवून दाखवला. पोरगा चांगला होता, सॉरी दीदी म्हणाला, आणि पुढं कोणी आलं तर लक्षात ठेवतो म्हणाला. मे महिन्याचं नागपूरचं ऊन तुम्हाला माहीतच आहे, तोंडाला दुपट्टे बांधून स्कूटीवर फिरलो. लिंक तारखेच्या आत झालं. बँकेत तिनं केवायसी नवीन करून घेतली, तिथं मी आत गेलीच नाही. तिला म्हटलं येऊ का, ती म्हणाली, "नको काकू, इथं मलाच जायचं आहे." बाहेर येऊन पासबुक दाखवलं, नवीन नावाचं.

या सगळ्यात दुकानावर परिणाम झाला का, तर झाला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी तिला बोलावलं, बाकीच्यांसारखंच कुंकू लावलं, वाण दिलं. एकदोन जणी वाण न घेताच निघाल्या, बाकीच्या बसल्या, गप्पा झाल्या, झालं. पण उन्हाळ्यात एक जुनं गिऱ्हाईक आलं, मुलीच्या लग्नाची अख्खी ऑर्डर घेऊन. माप घ्यायला ही पुढं झाली तर त्या बाई मागं सरकल्या आणि तिच्यासमोरच मला म्हणाल्या, "तुम्हीच घ्या ना माप, असल्या लोकांचा हात नको लग्नाच्या कपड्याला." माझ्या दुकानात ब्राइडल ब्लाऊजचं माप तीच घेते आणि कापतेही तीच, तिच्यासारखं फिटिंग मला जमत नाही, हे मी त्यांना सांगितलं. आणि म्हटलं, ती पुढं आली तर चालत नसेल तर ऑर्डर दुसरीकडे द्या, मला वाईट वाटणार नाही. त्यांनी साड्या परत पिशवीत भरल्या. त्या उन्हाळ्यात दुकानाचा किराया द्यायला ओढाताण झाली, हे खरं आहे. घरी नवरा म्हणाला, थोडं गोड बोलून माप तूच घेतलं असतं तर काय बिघडलं असतं? मी म्हटलं, ती तिथंच उभी होती. ऑफिसात तिच्या बाजूनं उभी राहायचं आणि दुकानात गिऱ्हाईक आलं की तिला पडद्यामागं बसवायचं, असं नाही करता येत. त्यांना ते पटलं, नंतर त्यांनीच पावसाळ्यात तिच्या मशीनसाठी लोनचे कागद वाचून दिले.

ती मशीन आली आहे. दुकानात मागच्या भिंतीला लावली आहे, तिच्या मालकीची, तिच्या नावाच्या बिलाची.

दहावीची मार्कशीट मात्र अजून जुन्याच नावाची आहे. ते काम लांबचं आहे, शाळा गावात, आणि गावात जायचं म्हणजे घरच्यांच्या दारावरून जायचं. केव्हा करायचं ते ती ठरवेल. मधेमधे मात्र ती मंगळवारची सुट्टी घेते. कामठीची तिच्या ओळखीची एक मुलगी फॉर्म भरून राहिली आहे, तिला प्रतिज्ञापत्राचं कळत नव्हतं, ही सोबत जाते. मी विचारलं, मी येऊ का? म्हणाली, "नाही काकू, तुम्ही दुकान पाहा, त्या पिवळ्या साडीच्या ब्लाऊजला हुक लावायचे राहिले आहेत, संध्याकाळी न्यायला येणार आहेत."